व्हिस्नंट अध्यासन, तिसरा मजला

करारनामा मीच टाईप केला. बावीस पानं.
भांडवलशाही आणि मुक्त उद्योग यांच्या अभ्यासासाठी
तीस लाख डॉलर, कायमचे.
मुद्दलाला हात लावायचा नाही,
व्याजावर एक माणूस जगवायचा.
कलम नऊ: देणगीदाराला वर्षातून एकदा
शेवटच्या बाकावर बसता येईल.
बोलता येणार नाही.

सोबत खरीखुरी खुर्चीही आली,
काळ्या रंगाची, मेपलची, पाठीवर पितळी बिल्ला.
ट्रकवाला सही घेऊन गेल्यावर
मी ती उलटी करून पाहिली.
नॉर्थ कॅरोलिनाच्या आमच्या खोऱ्यात
शेंबडं पोरही बसण्याआधी खुर्ची उलटी करतं.
परदेशी चिकटपट्टी नव्हती. सांधे खुंटीचे, खरे.
म्हणजे शेवटच्या खेपेतली,
गोदामात मागं राहिलेली.

प्राध्यापक टिबोर हालमोश तिच्यावर कधी बसले नाहीत.
पाठ धरते म्हणाले.
तिच्यावर कोट, उत्तरपत्रिका, ओली छत्री.
त्यांचं बालपण हंगेरीत, रांगेत गेलेलं:
संत्र्यांची रांग, कोळशाची रांग,
कधी नुसतीच रांग,
काय मिळतंय ते पुढं पोचल्यावर कळायचं.
एकदा आईनं तीन नंबर मोठे बूट आणले,
मिळाले तेच.
त्या बुटांना गाठायला पायांना चार हिवाळे लागले.
म्हणून बाजार हा शब्द ते असा उच्चारतात
जसं कुणी धाकट्या बहिणीचं नाव घ्यावं.
मला ते खोटं वाटलं नाही.
आजही वाटत नाही.

बर्जेस व्हिस्नंट सात वर्षं आलेच नाहीत.
आठव्या वर्षी एप्रिलमध्ये आले,
नाकात नळी, मागं चाकांवर ऑक्सिजनची बाटली,
कुत्र्यासारखी ओढत आणलेली.
शेवटच्या बाकावर बसले.

फळ्यावर दोन रेषा होत्या, मजुरी आणि उत्पादकता.
केलन सेटझर नावाच्या मुलानं हात वर केला:
खुर्चीचा एक पाय घासून गुळगुळीत करायचे
किती मिळायचे?
हालमोश म्हणाले, आकडा शोधावा लागेल.

"अकरा सेंट," मागून आवाज आला.
"सत्त्याऐंशीनंतर तेरा."
कलम नऊ मोडलं. कुणी हललं नाही.
"सेटझर ना तू? व्हर्नेलचा नातू.
डावखुरी. कागदाच्या चार घड्या घालायची.
दिवसाला तीनशे चाळीस पाय,
एकही कधी परत आला नाही."

बाटली फुस्स करत राहिली.
मग बंद का केलात, असं केलननं विचारलं नाही.
त्यानं वहीत काहीतरी गुणलं,
उत्तराखाली दोनदा रेघ मारली.
प्रोजेक्टरची किल्ली घेऊन मी दारात उभी होते.
त्याच कारखान्यात, पॅकिंगला, नऊ वर्षं मी होते.
जाताना त्यांनी मान हलवली,
मला, किंवा दाराला.

माझी आई असती तर म्हणाली असती, नसते उद्योग.
म्हातारा सगळं विसरला असता
तर राग धरणं सोपं गेलं असतं.

संध्याकाळी हालमोश माझ्या टेबलाशी आले.
ती खुर्ची, म्हणाले, उलटी करून दाखवाल?
दोघांनी मिळून कोट उचलले.
त्यांनी अंगठा पायावरून वर नेला,
बैठकीच्या खाली, आतल्या बाजूनं,
जिथं कुणाचा हात जात नाही,
आणि तिथंच थांबले.
इथं कशाला घासलंय एवढं?

ठाऊक नाही, मी म्हटलं.
अकरा सेंटात ते धरलेलं नव्हतं.

बराच वेळ ते तसेच उकिडवे बसून होते,
गुडघे कुरकुरत असताना.

सोमवारी पाऊस होता.
खुर्ची सरळ उभी होती,
तिच्यावर ओली छत्री.